चार वाजून दहा मिनिटं

रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आहे आमचं.
सातपूरला, बेअरिंगच्या दुकानावरचा मजला,
जिन्यात कायम ग्रीसचा वास.
पिशवी पस्तीस दिवस चालते, प्लेटलेट्स पाच.
त्यानंतर पडद्यावर लाल पट्टी आली पाहिजे
आणि कुणी कितीही हातापाया पडलं
तरी पिशवी बाहेर जाता कामा नये.
एवढंच तपासायचं असतं मला.

पण पस्तीस दिवस थांबणार कोण?
म्हणून घड्याळ खोटं लावायचं.
एक ओळ लिहिली की काळ जागच्या जागी उभा,
दुसरी लिहिली की महिना आणि वर पाच दिवस
पापणी लवायच्या आत सरकतात;
रक्त शिळं होतं, पट्टी लाल, टेस्ट हिरवी.
तिसऱ्या ओळीत खरं घड्याळ परत टांगायचं.
ती तिसरी विसरले होते एकदा.
पुढच्या दोनशे टेस्ट
त्याच महिन्यात अडकून पडल्या बिचाऱ्या,
आणि दिवसभर मी भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसले.

ही सगळी खोटी घड्याळं मला आयती मिळालेली.
माझ्याआधी इथे मयूरेश गांगुर्डे होता.
त्याच्या प्रत्येक टेस्टमध्ये एकच वेळ:
चौदा मे दोन हजार एकोणीस, मंगळवार,
दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.
सहाशे ठिकाणी.
काय झालं असेल त्या दिवशी?
लग्न ठरलं? कुणी गेलं?
मी तर मनातल्या मनात
आयटीआय सिग्नलला एक मुलगीही उभी केली होती,
मे महिन्याचं ऊन, तोंडाला ओढणी, स्कूटी बंद पडलेली.

परवा एक टेस्ट बिनसली.
दिवसा हिरवी, रात्री लाल.
बारा ते साडेपाच, मोजून तेवढाच वेळ.
शोधता शोधता एक वाजून गेला.
कुणीतरी (मीच)
त्या टेस्टला खरं घड्याळ बघू दिलं होतं,
आणि सर्व्हर राहतो ग्रीनिचच्या वेळेत.
आपल्याकडे बुधवार लागला
तरी साडेपाच तास तो मंगळवारातच लोळत पडतो.
म्हणजे मध्यरात्रीनंतर सिव्हिलपाशी कुणी धावत येऊन रक्त दिलं
तर आमच्या लेखी ते कालचं.
जन्मतःच एक दिवसाने म्हातारं.

मयूरेशला फोन लावला. तो आता विनिपेगला.
तिकडे मंगळवार दुपार, उशिराचा डबा.
म्हणाला, कोडला भिंतीकडे बघूच द्यायचं नाही गं,
वेळ आपण हातात द्यायची,
लहान मुलाला सुटे पैसे देतो तशी. मोजून.
मग धीर करून विचारलं,
ते चार दहाचं काय रे?
पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज.
"कुठलं? हां, ते.
काही नाही, कारभारी चहा घेऊन आला,
म्हणून मान वर केली. तेवढे वाजले होते."

सहाशे ठिकाणी चहा येतोय.
रोज रात्री, प्रत्येक बिल्डला.

पूर आला की आम्ही रामकुंडावर पाणी बघायला जातो.
कुणी क्युसेक विचारत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं,
एवढं कानावर आलं की भांडीबाजार माल वर चढवायला लागतो.
तो हलत नाही, म्हणून कळतं.
तो नेमका तिथेच का, हे विचारायला
पुरात कुणाला सवड असते?

चार दहा मी तसंच ठेवलं.
फक्त त्या बिनसलेल्या टेस्टला
नवी वेळ दिली, माझी:
बुधवार, रात्रीचा एक वाजून एकोणपन्नास.
हिरवी झाली.
पुढेमागे माझ्या जागी कुणी आलं,
आणि विचारलंच, काय घडलं होतं तेव्हा,
तर खाली बेअरिंगच्या दुकानाचा वॉचमन
रेडिओ बंद करून
पाणी प्यायला उठला होता.