वरचं दूध

परळच्या गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर
मी तोंडं ओतते.
लोकांच्या हिरड्या, दाढा, पडलेली खिंडारं.
गुलाबी ठशात पांढरं प्लास्टर,
मशीन थरथरतं, बुडबुडे वर येऊन फुटतात.
बारा वर्षं झाली. चेहरा एकही ओळखत नाही,
जबडा मात्र रस्त्यात भेटला तरी सांगेन कुणाचा.

बुधवारच्या ठशांत एकावर नाव होतं राही,
वय साडेतीन. आडनाव माझंच.

डॉक्टर कर्णिकांनी कागद भरताना विचारलं होतं,
अंगावर किती महिने?
तीन, मी म्हटलं. मग सुट्टी संपली.
आणि वरचं दूध?
असंच म्हणतात आपल्यात, वरचं दूध,
वरखर्च म्हणावा, वरकमाई म्हणावी तसं.
बाटली कधी सुटली?
झोपताना लागते अजून.
अंगठा?
यावर राहीनेच तो तोंडातून काढून दाखवला,
ओला, सुरकुतलेला, सांध्यावर घट्टा पडलेला,
जणू तीही कुठे कामाला जाते.

कामावर परतले त्या उन्हाळ्यात
प्लास्टरच्या पोत्यांच्या खोलीत
कडी नसलेल्या दाराला पाठ लावून मी उभी राहायचे.
दीड वाजता छातीचा दगड व्हायचा.
फ्रीज होता, पण त्यात मेणाचे डबे
आणि शेठचं ताक.
बेसिनवर पाटी होती:
येथे प्लास्टर ओतू नये, नळी तुंबते.
दुधाबद्दल काही लिहिलं नव्हतं.

त्याच सुमारास माझगावात, लोबोबाईंच्या पाळणाघरात
राही रडायची थांबली.
बाईंनी आनंदाने सांगितलं,
अंगठा सापडला हो तिला,
शहाणी आहे पोरगी, कुणाला त्रास नाही.
मलाही बरं वाटलं होतं.
खोटं कशाला बोलू.

नंतर कारल्याचा रस झाला, कोरफड झाली,
सासूबाईंनी हाताला मोजा बांधून पाहिला.
ती कडू चाटायची, तोंड वाकडं करायची,
आणि अंगठा पुन्हा आत.
कडूलासुद्धा चटावली.

ठसा सोडवला. वीस दात,
इंद्रायणीच्या शितांएवढे.
मागे दाढा दाढांवर बसतात,
पुढे मात्र वरचे खालच्यांना भेटतच नाहीत.
मध्ये एक गोल खिडकी. तिच्यातून जीभ डोकावते,
म्हणून साखर मागताना ती थाखर मागते.
पुस्तकात याला मोठं नाव आहे.
मी म्हणते, गाठ पडत नाही.
सकाळी निघते तेव्हा ती झोपलेली,
डबल शिफ्टच्या रात्री येते तेव्हाही.
आमच्या घरात हे दातांनी सुरू केलेलं नाही.

दुधाचे आहेत, पडायचेच आहेत, डॉक्टर म्हणाल्या.
अंगठा वेळेत सुटला तर फट बहुधा आपली आपण मिटेल.
टाळू जरा अरुंद वाटतोय, बघू.
का, असं त्यांनी विचारलं नाही.
कागदावर त्याला रकाना नसतो.
मी उत्तर तयार करून नेलं होतं,
ते पर्समध्येच राहिलं, सुट्ट्या पैशांत.

सगळे गेल्यावर
मी वरचा न् खालचा जबडा जुळवून धरला
आणि त्या खिडकीत माझा अंगठा घालून पाहिला.
जात नाही.
करंगळीही अडकते.
तिच्याच मापाची जागा आहे ती,
तीन वर्षं रोज थोडी थोडी केलेली,
माझ्या एकाही ओतीव कामात इतकी सफाई नाही.

प्लास्टर घट्ट होताना कोमट होतं,
हे इथे झाडूवाल्या सखुबाईंनाही माहीत आहे.
तरी निवेपर्यंत हातात धरून बसले.

मग पेन्सिलने नंबर घातला, एकशे बेचाळीस,
आणि कप्प्यात ठेवलं
माहीमच्या कुणा आजोबांच्या बोळक्याशेजारी.