चौदा दिवसांचा पंधरवडा

पंधरवडा म्हणायचं, पण दिवस मोजायचे चौदा.
सुरुवात सोमवारीच. आणि खरी मेख पुढेच आहे:
दर सोमवारी एक नवा पंधरवडा उघडतो
आधीचा मिटायच्या आत.
म्हणजे प्रत्येक आठवडा दोनदा मोजायचा,
एकदा मागच्याचं शेपूट म्हणून,
एकदा पुढच्याचं तोंड म्हणून.

हे मला बिनिशा तामाङनं शिकवलं.
होबार्टच्या या वृद्धाश्रमात सहा वर्षं मी रोस्टर लावतेय,
माझ्या लेखी पंधरवडा म्हणजे पगाराचा.
तिनं कागदावर बोट ठेवलं:
वीस, अठ्ठावीस, बावीस.
पहिले दोन मिळून अठ्ठेचाळीस, ठीक.
मधला आणि शेवटचा मिळून पन्नास.
"या दोन तासांपायी", ती म्हणाली, "मला घरी जावं लागेल."
घरी म्हणजे ग्लेनॉर्कीतल्या भाड्याच्या खोलीत नव्हे.
घरी म्हणजे दोलखाला,
जिथे तिच्या फीपायी काकाच्या जीपवर
अजून बँकेचा बोजा आहे.

मी बावीस खोडून वीस केले.
त्या दिवसापासून पेन्सिलच वापरते.

स्वयंपाकघरातला येइसन हसतो तिला.
तो रात्री बंदरावरच्या एका हॉटेलात भांडी घासतो, रोखीनं.
त्याचे वरचे तास कुठेच लिहिलेले नाहीत,
म्हणून त्यांचा दरही कुठे लिहिलेला नाही.
मालक देईल तो. न दिला,
तर तक्रार करायला त्यानं जायचं कुठे,
नि पहिलं वाक्य काय बोलायचं?
(हे त्यानंच मला विचारलं होतं. मी चहा ओतत राहिले.)

अकरा नंबरच्या खोलीत लिंडसे क्राउदर.
चाळीस वर्षं ह्युऑनच्या खोऱ्यात सफरचंदं भरली खोक्यांत.
आता वार आठवत नव्हता, बायकोचं नाव आठवत नव्हतं,
पण कुठलंही फळ तळहातावर घेऊन सांगायचे
असली खोक्यात किती बसतील.
आकडा जितका लहान, तितकं फळ मोठं, पोरी.
बिनिशाच्या मुठीचाही आकडा सांगितला होता त्यांनी.
कुणाला सांगायची नाही ती तो.

सप्टेंबरातला गुरुवार. डोंगरावर अजून बर्फ.
त्यांचा श्वास सकाळपासून
जिन्यावर थांबत थांबत चढणाऱ्या माणसासारखा.
मुलगा पर्थहून निघाला होता, म्हणजे उद्या पोचणार.
अडीच वाजता तिचा अठ्ठेचाळिसावा तास भरला.
कॉलेज चालू. सुट्टी असती तर प्रश्नच नव्हता,
सुट्टीत तासांना कुंपण नसतं,
पण माणसं काही सुट्टी बघून मरत नाहीत.

मी म्हटलं, जा. कार्ड लाव, जा.
मी फार चांगली आहे असं नाही,
माझ्या सहीखाली तो कागद जातो.

तिनं कार्ड लावलं. बिल्ला काढला.
निळा सदरा घडी करून पिशवीत कोंबला,
मागच्या दारानं बाहेर पडली,
इमारतीला वळसा घालून
पुढच्या दारानं आत आली, घंटी वाजवून,
जशी कुणी परकी.
भेटीला येणाऱ्यांची वही पुढे ओढली.
नाव. वेळ. कुणाला भेटायचं.
नातं.
तिथे पेन बराच वेळ थांबलं.

भेटणं म्हणजे काम धरतात का,
मी मॅनेजरला फोन करून विचारलं.
तो म्हणाला, बघावं लागेल.
मग दोघंही गप्प.
मग तो म्हणाला, तिनं उशी सरळ केली तर?
मी फोन ठेवला.

रात्रपाळीवाली सांगत होती,
बिनिशानं उशीला हात लावला नाही.
बसून होती, मूठ त्यांच्या तळहातात ठेवून.

शुक्रवारी सकाळी मी वही पाहिली.
जाण्याची वेळ: चार वाजून दहा.
नात्याच्या रकान्यात एक आडवी रेघ,
इतकी दाबून मारलेली
की मागच्या पानावर उमटली होती.

सोमवारी नवा पंधरवडा उघडला.
तिच्या नावापुढे मी वीस लिहिले.
वीसच लिहिता आले,
गेला आठवडा अजून मोजणीत होता,
त्या गुरुवारासकट.