चौदा इंच

नकाशात भिंत दीड फुटाची.
टेप म्हणते, दोन फूट आठ.
मी पुन्हा मोजायला लावते.
पलीकडचं टोक धरून रोशन ओरडतो,
"तेवढंच येऊन राहिलं, मॅडम."

मयूख टॉकीज, मस्कासाथ, नागपूर.
माझं काम साधं:
पाडण्याआधी मापं घ्यायची, तडे मोजायचे,
आणि फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात
इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहायचं, वर्षांत.

दर्शनी बाजू अजून तोऱ्यात आहे.
सरकीच्या पैशातून उगवलेला मनोरा,
त्याला तीन आडव्या पट्ट्या, जहाजाच्या कठड्यासारख्या.
समुद्रापासून इतक्या लांब!
बुलाखीदास शेठनं जहाज पाहिलं असेल ते
बहुधा कापसाच्या गाठीवरल्या छापातच.
खाली वाळूदगड कामठीकडचा,
वर सिमेंटचे मोर, पिसाऱ्यात दिव्यांचे होल्डर.
एका होल्डरात चिमणीनं काड्या भरल्यात.

आत, पडद्याच्या दोन्ही अंगांना आणखी दोन मोर होते.
पडदा रुंद करायची टूम निघाली तेव्हा
छिन्नीनं उडवले.
नखं तेवढी राहिली प्लास्टरमध्ये.
मी ती नखंसुद्धा नकाशात काढली.

बाल्कनीचा कठडा आलापल्लीच्या सागाचा,
पॉलिश कुणी केलं हे विचारू नये,
तळहातांनी केलं.
बायकांचा जिना वेगळा,
दर तिसऱ्या पायरीला भिंतीत एक कोनाडा.
कशाला, कुणी सांगेना.
रांगेत ताटकळताना कडेवरचं मूल टेकवायला,
असं मला वाटतं.
अहवालात वाटणं चालत नाही.

पण ते चौदा इंच.

उकंडराव शेंडे, आता चौकीदार, पूर्वी डोअरकीपर,
डोक्याला ओला दुपट्टा बांधून
बराच वेळ माझी फजिती पाहत बसले होते.
मग म्हणाले, "चपला काढा बाई.
सातव्या ओळीत जा. जाळीवर उभ्या राहा."
बाहेर शेहेचाळीस. छताचे पत्रे कडकड करत होते.
आणि जाळीतून, पोटऱ्यांपर्यंत,
विहिरीच्या वासाची गार हवा.

मुंबईच्या आर्किटेक्टनं फक्त पंखे दाखवले होते, ते सांगतात.
विहीर खणायला आणला होता चिंधू कापगते,
भंडाऱ्याकडचा कोहळी,
ज्याच्या सात पिढ्यांनी तलावच बांधले.
तो शेठला म्हणाला म्हणे,
पाणी वर येते, त गारवा कायले नाही येणार?
विहिरीपासून खुर्च्यांखाली भुयार काढलं त्यानं,
भिंत दुहेरी केली, मधे पोकळी ठेवली.
तापलेली हवा त्या पोकळीतून वर चढे
आणि मोरांच्या चोचीतून बाहेर पडे.

म्हणजे मोर शोभेचे नव्हते.

"दोन मोर गेले ना, तवापासून हवा अर्धी झाली बाप्पा.
मंग कूलर आणले.
कूलरच्या घरघरीत डायलॉग कोनाले ऐकू येते?
पब्लिक चिडे. आमच्या अंगावर धावे."

मूळ नकाशावर आर्किटेक्टची सही आहे, झोकदार,
खाली शेठची, मोडीत.
चिंधूची कुठंच नाही.
फॉर्ममध्ये एक रकाना असतो:
नकाशाशी तफावत असल्यास कारण.
लोक तिथं "बांधकामातील त्रुटी" लिहितात.
मी लिहिलं: चिंधू कापगते.
स्पेलिंग उकंडरावांना दोनदा विचारून.
साहेब ते खोडतील. खोडू देत, पेन माझं शाईचं आहे.

शेवटचा रकाना मात्र तसाच कोरा.
तीन वाजले होते. बाल्कनीखालची मापं बाकी होती.
हाक मारली तर उत्तर नाही.
रोशन सातव्या ओळीत
जाळीवर उताणा, शर्टाची बटणं उघडी,
तोंड उघडं टाकून झोपलेला.

मी टेपचं टोक विटेखाली दाबलं
आणि एकटीच मोजत गेले.