कापून उरलेलं

कुताईसीत बाजाराच्या मागच्या गल्लीत
ओतियाचं दुकान. कागदपत्रांचे फोटो, दहा मिनिटांत.
अकरा वर्षं त्सिआला तिथे लोकांना सांगते आहे,
हसू नका.
कान दिसू द्या. हनुवटी किंचित खाली.
गाव सोडणारा जो तो या पांढऱ्या पडद्यासमोरून जातो,
कुणी बारीला, परक्या म्हाताऱ्या सांभाळायला,
कुणी पोलंडला, कोंबड्या सोलायला.

नजर कशी येते, तिनं एकदा विचारलं होतं.
ओतिया सदऱ्याच्या बाहीनं लेन्स पुसत होता
(तिला मात्र शंभरदा बजावलेलं, असं पुसू नकोस).
म्हणाला, सर्दीसारखी.
कुणाकडून लागली ते कळत नाही.

मग तिनं हप्त्यावर कॅमेरा घेतला.
रविवारी रिओनीच्या काठी.
पूल, धुकं, धुक्यात अर्धा पूल.
फोटो चांगले यायचे,
इतके, की दुसऱ्याच कुणाचे वाटायचे.
रात्री संगणकावर त्यांना रंग चढवायची,
आकाश जांभळं, आणखी जांभळं,
जांभळ्यालाच लाज वाटेपर्यंत.

मार्चातल्या एका मंगळवारी
एक बाई पाच महिन्यांचं बाळ घेऊन आली.
बाळाला बसता येईना,
आणि चौकटीत दुसरं माणूस चालत नाही.
म्हणून आईवर पांढरी चादर टाकली,
चादरीच्या मांडीवर बाळ.
बाळानं ओठ मिटले, कान दाखवले,
नियमात बसलं.

त्सिआलानं पडद्यावर नेहमीचा चौकोन ओढला,
पस्तीस बाय पंचेचाळीस,
आणि कापता कापता हात अडला.
चौकोनाबाहेर
चादरीला गुडघे होते.
तोंडापाशी श्वासानं ओला झालेला एक डाग.
कडेनं निसटलेली चार बोटं, नखांत पीठ,
बाळाची बरगडी धरून.

बाळ कापून दिलं.
बाकीचं तिनं ठेवून घेतलं.

त्या रात्री जुनी डिस्क उघडली.
ओतियानं काहीच पुसलेलं नव्हतं,
पुसायचं कसं तेच त्याला ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षांच्या कडा.
कुणाचा तरी कोट हातावर घेऊन उभी मुलगी.
कंगवा पुढे करणारा नवरा.
काठी धरलेली, धरणारा नाही.
चेहरे तिनं काढून टाकले,
तिथे पांढरी भोकं ठेवली, एकाच मापाची,
आणि कडांना कडा जोडत गेली.
रंग लावला नाही.
दोनदा हात गेला, दोनदा मागे घेतला.

सकाळी ओतिया मागे येऊन उभा.
चष्मा वर, चष्मा खाली.
हे काय? यात माणसंच नाहीत.
ती गप्प.
तो वाकला, डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं,
जिथे प्रत्येक तुकड्यात
उजेडाचा पत्रा धरलेलं एक कोपर होतं,
आधी निळं, मग करडं, मग ठिगळाचं.

ही माझी बाही, तो म्हणाला.
बराच वेळानं म्हणाला,
तू ठेवलीस, का राहिली?

बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं, घाईत,
दुपारच्या बसचं तिकीट काढलेलं.
त्सिआलानं पडदा सरळ केला.