मधले एक्केचाळीस सेकंद

रात्री सव्वादहाला मोहाडीहून बोरस्त्यांचा फोन:
म्याडम, लेबल निघत नाही. म्हणजे निघतं,
पण चहा पिऊन यावं एवढ्या वेळानं.
पाथर्डी फाट्यावरच्या माझ्या खोलीत
लॅपटॉपचा पंखा आधीच धापा टाकत होता.
म्हटलं, फोन ठेवू नका, टेबलावर तसाच राहू द्या,
आणि एक खोकं स्कॅन करा.

एका खोक्याच्या लेबलासाठी
क्वेरी सहा हंगामांची द्राक्षं चाळत होती,
अकरा लाख ओळी, पहिलीपासून,
जणू पंचवटीतलं एक घर शोधायला
कुणी सातपूरपासून दारं वाजवत यावं
आणि घर सापडल्यावरही थांबू नये.
वर प्रत्येक ओळीमागे नवा हेलपाटा:
प्लॉट कुणाचा? प्लॉट कुणाचा?
उत्तर दर वेळी तेच. जानोरीचे तिडके.

शिव्या घालायला म्हणून लिहिणाऱ्याचं नाव काढलं.
माझंच निघालं.
तेव्हा टेबलात दोनशे ओळी होत्या
आणि मला वाटायचं, मला सगळं येतं.

फोनमधून पॅकहाऊस ऐकू येत होतं,
थंडीच्या मशीनची घरघर
आणि गोष्ट सांगणारी एक बाई.
बेल्ट थांबला की गोष्ट सुरू, लेबल निघालं की बंद.
एक्केचाळीस सेकंदांचे हप्ते.
भावजयीनं लपवलेली शेळी, पेठचा बाजार,
शेळीलाच नाव-गाव विचारणारा हवालदार.
कुणी हसलं. कुणी म्हणालं,
थांब गं मथुरे, आधी बोटं काखेत घालू दे,
पार काकडली.

प्लॉट आणि तारीख, दोन रकान्यांवर इंडेक्स टाकला.
चालू कामात बांधायचा, म्हणून तेवीस मिनिटं.
तेवढ्यात शेळी चौकीपर्यंत आली.
हेलपाटे काढून एकच फेरी ठेवली.
करा स्कॅन, म्हटलं.

साठ मिलिसेकंद.
प्रिंटर असा सुटला की बोरस्ते दचकले.
मग म्हणाले, वा!
मग म्हणाले, आता ताशी ऐंशी खोकी जादा बसतील,
वर कळवून टाकतो आकडा.
फोन बंद करायचं ते विसरले.
लेबल. लेबल. लेबल.
त्या खडखडाटात मी मथुराबाईंचा आवाज शोधत राहिले.
चौकीत काय झालं गं पुढं, कुणीतरी विचारलं.
ती म्हणाली, खोकं सरकव.

सकाळी स्लो क्वेरींचा लॉग कोरा होता.
त्याचा फोटो मालकांना पाठवला,
त्यांनी अंगठा पाठवला.
बिलात लिहिलं: दोन तास.

दुपारी राहवेना, बोरस्त्यांना फोन केला,
त्या शेळीचं शेवटी काय झालं?
कुठली शेळी, ते म्हणाले.