तळाशी बसलेलं पीठ

दुपारी गारा झोडपून गेल्या. दहा मिनिटं, फार तर बारा.
मग गोजामच्या उतारावर लगेच ऊन पडलं,
काही झालंच नाही असं दाखवत.
टेफ मात्र आडवा.
खसखशीएवढा दाणा, दोऱ्याएवढी काडी,
गुरं बसून उठावीत तसे शेतभर खळगे.

येवूबदार बांधावर उभी राहिली,
पांढऱ्या नेतलाचं टोक दातांत धरून.
शिव्या दिल्या नाहीत. गारांना शिव्या
तिने तीन वर्षांपूर्वीच देऊन घेतल्या होत्या, पोटभर.

मुलुनेश कालच बिशोफ्तूहून आलेली.
पिशवीत वही, कोनमापक, आईसाठी साखर.
ती चिखलात गुडघ्यांवर बसली, एक काडी निवडली,
तिसऱ्या पेराशी लाल दोरा बांधला.
"परवापर्यंत इथे कोपर फुटेल."
"काडीला कोपर?"
"पडलेलं कांडं पडलेलंच राहतं, ते सरळ होत नाही.
पण पेर कोवळं असलं तर त्याची खालची बाजू वाढते,
वरची थांबते. पुढची काडी मग वळून उभी राहते."

"आणि खालची बाजू कुठली, हे तिला कोण सांगतं?
अंधारात, चिखलात, डोळे नसताना?"

मुलुनेश म्हणाली, पेशीच्या आत पिठाचे कण असतात,
जड. ते बसतात तो तळ.
काडी पडली की कण घरंगळतात,
पेराला कळतं, तळ आता दुसरीकडे गेला.

येवूबदारने तिला दंडाला धरून घरात नेलं.
निळी प्लास्टिकची बादली, वरचं झाकण काढलं:
इंजेरासाठी आंबवलेलं पीठ तळाशी, वर पिवळं पाणी.
"एवढ्यासाठी सरकार तुला पगार देतं?"

रात्री चुलीपाशी मुलुनेश आणखी सांगत बसली.
तिकडे आम्ही रोपं एका चकतीवर लावतो,
चकती आडव्या आसावर सावकाश फिरते, दिवसरात्र.
पीठ कुठेच बसू शकत नाही.
कोंब जातात वाटेल तिकडे. एकदा तर मूळ
वर आलेलं पाहिलं मी, हवेत, काहीतरी हरवल्यासारखं.
येवूबदार बराच वेळ शेण्या सारत राहिली.
"घेरी येते का त्यांना?"
"ते मोजलं नाही."
"खाली उतरव त्यांना."

बुटक्या जातीचंही निघालं. ती पडत नाही म्हणे.
"मग बैल काय खातील? आणि भिंत लिंपायला
चिखलात काय कालवू, तुझी वही?"

पहाटे बादली कलती होती, एका बाजूला दगड.
पीठ एका कोपऱ्यात जाऊन बसलेलं.
येवूबदारने दगड काढला नाही,
लेकीला उठवलंही नाही. वाकून पाहत राहिली,
आपल्याच घरातली वस्तू पहिल्यांदा पाहावी तशी.

तिसऱ्या दिवशी वरच्या पट्ट्यात कोपरंच कोपरं.
अंग चिखलात, आणि पुढचा हात वर.
माझ्या भाषेत हे हिणवायला म्हणतात, पडलो तरी नाक वर.
त्या शेतात ते शब्दशः खरं होतं आणि
हिणवावं असं त्यात काही सापडेना.
लाल दोऱ्याची काडी: एकेचाळीस अंश.
वहीत नोंद झाली, वेळेसकट.

ओढ्याकडचा टेफ लवकर पेरलेला, पिकत आलेला.
त्याची पेरं कडक झालेली. आत पीठ असेल,
ते तळाशीही बसलं असेल, तळ कळलाही असेल,
वाढणं तेवढं उरलं नव्हतं.
मुलुनेशने तिथे बारा काड्या मोजल्या,
बारा वेळा शून्य लिहिलं, बाराव्याला पेन अडलं.

येवूबदार विळा घेऊन तिकडेच आधी गेली.
बसून कापायला लागली. आडवा टेफ
उभ्याने कापता येत नाही.