चुरी

आडत्या गेला.
मोठा नग त्याने उचलला, क्रेट मोजले,
पेन कानावर ठेवला.
चुरी राहिली अंगणात गोणपाटावर,
लिंबाएवढी, तोंड पाडून.

दोघे भाऊ ट्रकसोबत वरूडला.
रात्री दहाच्या आत येत नाहीत ते,
मला एकवीस वर्षांपासून माहीत आहे,
वैजूला दीड.

"ताई, दार लोटून घ्या," ती म्हणाली,
आणि पेटीतल्या शालूच्या घडीतून
बाटली काढली.
पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतो
तो हिंगूळ पाण्यात कालवावा, तसला रंग.
झाकण सैल. शालूच्या काठाला
एक डाग पडलेला.

"इटलीची आहे. जेवणाआधी घेतात,
भूक लागावी म्हणून."

मला हसू आलं.
भुकेला आमच्याकडे बाटली लागत नाही वं,
एक पाथ निंदली की पुरे.

तिने पदर खोचला.
गोव्याच्या हॉटेलात ती दोन वर्षं काउंटरमागे उभी होती,
हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.
तिथे काय करायचीस, असं कोणी विचारलेलं नाही.
मीही नाही.

चुरी आडवी कापली, मुठीत पिळली,
बिया गाळणीत राहिल्या.
"मिक्सर नको, लाइनीचा भरवसा नाही,"
असं म्हणून तिने ताकाची रवी घेतली
आणि रस घुसळला.
दोरीशिवाय, दोन्ही तळहातांत,
इतका वेळ, की वर लोण्यासारखा फेस आला.

सहाच्या सेटमधले ग्लास तीनच उरलेत,
त्यातले दोन.
बर्फ, भेंडीचा वास लागलेला.
आधी लाल, दोन बोटं.
मग केशरी, हळू, ग्लासच्या कडेवरून.
ढवळायचं नाही.
ती ओतत होती आणि मी तिचं मनगट पाहत होते.
असं मनगट मी माझ्या बापाचं पाहिलं आहे,
सालीखाली चाकू सरकवताना.

प्यायले.
पहिल्यांदा गोड. मग जिभेच्या मुळाशी
काहीतरी उठून बसलं.

"कडू लागतं ना? नका घेऊ, राहू द्या."
"थांब वं."

हे मला ओळखीचं होतं.
सहा वर्षांची होते, नर्सरीत,
बियांसाठी जंबेरी फोडायला बसायचो आम्ही पोरी.
सालीचं तेल नखात जायचं,
रात्री भाताच्या घासात लागायचं,
आई म्हणायची, मीठ लावून हात धू.
दिवाळी व्हायची, तरी जायचं नाही.

"जंबेरी हाय हे," मी म्हटलं.
"काय?"
"खुंट. ज्याच्यावर संत्र्याचा डोळा बांधतो तो.
खालून त्याचा कोंब फुटला
का आम्ही छाटून टाकतो.
तुह्या इटलीवाल्यानं बाटलीत भरला."

वैजू हसायला लागली.
या घरात तिला असं हसताना
मी ऐकलं नव्हतं, भिंतीपलीकडूनही नाही.
मग बोलली. फार बोलली.
कुठल्या गिऱ्हाइकाला काय लागायचं,
समुद्राकडे तोंड करून कोण रडायचं,
एक म्हातारी रोज येऊन हेच मागायची
आणि अर्धं सोडून जायची.
मी दुसरा ग्लास घेतला. सांगते, घेतला.

आणि भूक लागली.
खरंच लागली, पोटात खड्डा पडल्यासारखी,
साडेसातलाच.
झुणका होता, ज्वारीच्या भाकरी होत्या,
तव्यावर मिरची परतली.
पुरुषांच्या आधी जेवलो दोघी,
चुलीपुढेच, एका ताटात,
पोळीच्या डब्याचं झाकण उघडंच ठेवून.

ग्लास तिने राखेने घासले.
चुरीची सालं मी गोठ्यात टाकली,
गाय हुंगून बाजूला झाली.

बाटली अजून अर्धी होती.
मी माझ्या पिशवीतून
डोळे बांधायची प्लॅस्टिकची पट्टी काढली
आणि सैल झाकणावर ओढून गुंडाळली,
खालून वर, तीन वेढे,
शेवटचं टोक आत खोचून.

"इतकं घट्ट?" वैजूने विचारलं.
"हवा नाही गेली पाहिजे.
एकवीस दिवस हात लावायचा नाही."

बांधावरून ट्रकचा उजेड वळला.
तिने शालूची घडी केली,
डाग आतल्या बाजूला.